लहान गंज, मोठा गंज

दर्यापूरच्या एका संस्थेची सगळी भांडी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीशी झाली, म्हणून मला वऱ्हाडात जावं लागलं. एरवी आमच्या ओळखीतली पुणेकर मंडळी अमरावतीला फक्त लग्नाला जातात, आणि तेही मुलीकडच्यांनी तिकीट काढलं तर.

आधी सॉफ्टवेअरबद्दल सांगते. आम्ही काही जण मिळून लहान सेवाभावी संस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर तयार करतो. ते मुक्त आहे. फुकट आहेच, पण मुद्दा तो नाही. त्याच्या पोटात काय लिहिलंय ते कोणीही उघडून पाहावं, आपल्या सोयीनं बदलावं आणि बदललेलं दुसऱ्याला द्यावं, अशी त्याची रीत आहे. पोटातलं काम निरंजन करतो. मी आयुष्यभर संस्थांचे हिशेब लिहिले, त्यामुळे पडद्यावरचं मराठी माझं. 'व्हाउचर क्रमांक अनिवार्य आहे', 'सदर नोंद काढून टाकता येणार नाही' वगैरे. त्या मराठीबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

दर्यापूरची संस्था बायकांची. ती लग्नाकार्याला मोठी भांडी भाड्यानं देते आणि त्या भाड्यातून मुलींसाठी अभ्यासिका चालवते. कोषाध्यक्ष कुंदाताई. आमचं सॉफ्टवेअर संस्थेत त्यांनीच हट्टानं आणलेलं. एक दिवस त्यांचा फोन आला, "ताई, आमचे भांडे कुठी गेले?"

ताळेबंदात संस्थेच्या नावावर एक सतरंजी, दोन पंखे आणि घड्याळ एवढंच उरलं होतं. हा ताळेबंद संस्थेचे अध्यक्ष बाप्पूसाहेब यांच्या हाती लागला होता. बाप्पूसाहेब निवृत्त वकील. बायकांची संस्था असली तरी अध्यक्ष पुरुष असला की वजन पडतं, या समजुतीनं बायकांनीच त्यांना बसवलेलं. त्यांचे जावई अकोल्यात हिशेबाचं भाड्याचं सॉफ्टवेअर विकतात. वार्षिक सभेत कुंदाताईंना काढून कोषाध्यक्षपद जावयांना द्यावं आणि सॉफ्टवेअरही त्यांचंच घ्यावं, असा ठराव बाप्पूसाहेबांनी लिहून तयार ठेवला होता. कुंदाताई फोनवर म्हणाल्या, "सभेत भांडे दिसले नाही, तं मी घरी. अन् माह्यासंगं तुमचं सॉफ्टवेअर बी." मी बॅग भरली.

अमरावती

अमरावतीला रजनीकडे उतरले. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन इथं आली आणि आता आम्हाला 'तुमी लोक' म्हणते. सकाळी तिनं सांगितलं की नाश्त्याला सांभारवडी आहे. मी शहाण्यासारखी वाटी आणि चमचा घेऊन बसले. समोर आली ती कोथिंबीर ठासून भरलेली, तळलेली, कोरडी खुटखुटीत वडी. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी वाटी हळूच मागे सरकवली, पण रजनीनं ती पाहिलीच, आणि दुपारपर्यंत शेजारच्या सगळ्या घरांत पोचवली. वडी मात्र अशी की मी ती वाटी विसरून पुन्हा मागून घेतली.

खाणं चालू असताना रजनीनं सुनेला हाक मारली, "चहाले मोठ्या गंजात पानी ठेव वो."

माझा घास हातातच राहिला. गंजात पाणी का ठेवायचं, असं मी विचारलं. रजनी आत गेली आणि लखलखीत स्टीलचं पातेलं घेऊन आली.

"ह्याले गंज म्हनते. तुमी काय म्हनता?"

"पातेलं."

"मंग गंज कशाले म्हनता?"

"लोखंडाला चढतो तो."

"थो जंग, बाई," रजनी म्हणाली. तिनं मला आणखी एक वडी वाढली. बहुधा कीव येऊन.

मला सगळा उलगडा झाला. संस्थेनं सुरुवातीला मालमत्तेची यादी पाठवली होती. तीत होतं: गंज लहान, गंज मोठा, गंज तोटीचा, गंज झाकणासह. इतक्या प्रांजळपणे आपला गंज लिहून देणारी संस्था मी पाहिली नव्हती. झाकणालासुद्धा चढला म्हणजे फारच झालं, असं मनाशी म्हणून मी पुण्यात बसल्या बसल्या सगळं भंगारात काढलं होतं.

निरंजनला फोन केला. तो इतका हसला की मी फोन टेबलावर ठेवून चहा संपवला. हसून झाल्यावर त्यानं कामाचं सांगितलं. ती भंगाराची नोंद पुसता येणार नव्हती. केलेली नोंद कोणालाही पुसता येऊ नये, चुकलं तर उलटी नोंद करून दुरुस्त करावं, हा नियम मीच त्याला घालायला लावला होता. आता भांडी खरोखर आहेत हे प्रत्यक्ष पाहून, तसं लिहून, मगच ती पुन्हा वहीत आणता येणार होती.

नांदगाव खंडेश्वर

दर्यापूरच्या आधी नांदगावला जाणं ठरलेलं होतं. तिथं मनोहरराव नावाचे निवृत्त शिक्षक एक वाचनालय चालवतात, आणि तेही आमचंच सॉफ्टवेअर वापरतात. बसनं उतरले. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कपाशीला फुलं होती, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. मनोहररावांनी बजावलं होतं की डांबरी रस्त्यानंच या. मला शेताच्या कडेची पायवाट जवळची वाटली. पुण्याच्या चिखलात पाय घसरतो. या काळ्या मातीत तो घसरत नाही, अडकतो. चार पावलांत माझ्या पायाखाली मातीची पोळी जमली, पुढच्या चार पावलांत माझी उंची वाढली, आणि मग उजवी चप्पल जमिनीनं ठेवून घेतली. एक बाई बांधावरून शांतपणे पाहत होत्या. त्यांनी चप्पल उपटून दिली आणि विचारलं, "डांबर काय खराब होतं जी?"

वाचनालयात पोचल्यावर पाय धुतले आणि संगणकासमोर बसले. पडद्यावरचं एक अक्षरही माझं नव्हतं. सॉफ्टवेअर आमचं, रंग आमचा, डाव्या कोपऱ्यातलं चिन्ह आमचं. पण 'जतन करा' या जागी होतं 'ठेवून द्या'. 'रद्द करा'च्या जागी 'राहू द्या'. खात्याच्या 'नावे', म्हणजे डेबिटच्या, रकान्यावर लिहिलं होतं 'कोनाच्या अंगावर'. मी मुद्दाम परवलीचा शब्द चुकीचा टाकला. माझ्या मराठीत 'प्रवेश नाकारण्यात आला आहे' असं यायला हवं होतं. आलं ते असं: 'तुमी थे नाही.'

मी मनोहररावांकडे पाहिलं. ते खुशीत होते. म्हणाले की हे दर्यापूरहून आलं, कुंदाताईंनी केलेलं, आता या भागातल्या आणखी संस्थांतही तेच चालतं. माझ्या शब्दांची अडचण काय झाली, असं मी विचारलं तेव्हा ते शिक्षकी सौजन्यानं थोडं खाकरले. 'नावे' असं वाचून त्यांच्याकडच्या माणसानं त्या रकान्यात सभेला आलेल्यांची नावं भरली होती. शेजारी 'जमा' होतं, म्हणून तिथं किती जण जमा झाले ते लिहिलं होतं. सॉफ्टवेअरनं निमूटपणे प्रत्येकाच्या नावानं खातं उघडलं आणि अख्खी सभा वाचनालयाचं देणं लागते असा अहवाल छापून दिला.

मला राग यायला हवा होता. पण कोणीही बदलावं, असं सगळीकडे आम्हीच लिहून ठेवलं होतं. एवढंच की कोणी खरंच बदलेल, हे मनात धरलं नव्हतं. बाहेर पडताना मनोहररावांनी सॉफ्टवेअर बंद केलं. पडद्यावर उमटलं, 'येतो जी.'

दर्यापूर

दर्यापूरला पोचले तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. आम्ही ज्यांना गौरी म्हणतो त्या इकडे महालक्ष्म्या. आमच्याकडे त्या जेवतात आणि घरचे जेवतात. इकडे गल्ली जेवते. त्यामुळे संस्थेच्या कोठीत भांडं म्हणून एक नव्हतं. सगळे गंज गावभर विखुरलेले, आणि सभा दुसऱ्या दिवशी दुपारी.

कुंदाताई उंच, हडकुळ्या, झपझप चालणाऱ्या. गंज म्हणजे काय हे मला कालच कळलं, असं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. "म्हंजे तुमीच टाकले भंगारात," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. घरोघरी जाऊन मोजायचं ठरलं. वाटेत मी त्यांच्या भाषांतराचा विषय काढला. त्या म्हणाल्या की त्यात काय, हे तर आमच्या भांड्यांसारखंच आहे. न्यावं, वापरावं, फक्त परत आणून द्यायची गरज नाही. मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या मी अनेक व्यासपीठांवरून केली आहे. एकदाही ती इतक्या लवकर संपली नव्हती.

पहिल्याच घरी अडचण आली. संस्थेचं नाव गंजाच्या बुडाला कोरलेलं. काठावर कोरायचं सोडून बुडाला का, असं विचारलं तर कुंदाताई म्हणाल्या, काठावर असलं की लोक घासून काढतात. आता बुड पाहायचं तर गंज पालथा करायला हवा, आणि गंजात आंबील. ज्वारीची, ताकातली, वर लसणाची फोडणी. घरच्या काकूंना आमचा हेतू सांगितला. त्यांना तो पूर्ण पटला. "संपवा अन् पाहा," त्या म्हणाल्या आणि पाट मांडला.

पुण्यात 'नको' म्हटलं की एकदा आग्रह होतो आणि विषय मिटतो. इथं 'नको' हा शब्द वाढण्यासाठी घ्यायच्या श्वासाइतकाच टिकतो. पुढच्या घरी कढी होती. त्याच्या पुढच्या घरी सोळा भाज्यांची एकच भाजी. पुरणपोळी सगळीकडे. मालमत्तेची पडताळणी करताना तपासनीसानं तटस्थ राहावं, असं लेखापरीक्षणाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याला कोणी आंबील वाढली नसावी. काही ठिकाणी बायकांनी उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढून गंज पालथा करून दाखवला. त्यांची मी आजही आभारी आहे. संध्याकाळपर्यंत सगळी बुडं पाहून झाली. एकाही गंजाला गंज नव्हता.

सकाळी आम्ही दोघींनी उलट्या नोंदी केल्या. भांडी पुन्हा वहीत आली. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, असं कुंदाताईंनी विचारलं. मी म्हटलं, 'वर्गीकरणातील त्रुटी.' त्यांनी लिहिलं, 'पुन्याच्या ताईले मराठी कमी येते.'

सभा अभ्यासिकेच्या मोठ्या खोलीत होती. एका शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली बायका. समोर खुर्चीवर बाप्पूसाहेब, पांढरे शुभ्र कपडे, खिशात दोन पेनं. बाजूला त्यांचे जावई श्रीकांतराव, फार नीटनेटके आणि गप्प. माझी ओळख करून देताना बाप्पूसाहेबांनी 'पुण्याहून आलेल्या विदुषी' असं म्हटलं, आणि तो शब्द हवेत थोडा जास्त वेळ ठेवला.

मी उभी राहिले आणि गंजाचं जसं झालं तसं सांगितलं. खोली हसली. पुढे बसलेल्या एक आजी हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंग पुन्याले पानी कशात तापवते?" पातेल्यात, म्हटलं. त्यांनी मान हलवली. आमचं कसं चालत असेल, या अर्थानं.

बाप्पूसाहेब वकिलासारखे थांबले. हसू पूर्ण विरल्यावर त्यांनी विचारलं की ज्या सॉफ्टवेअरला भांडं आणि जंग यातला फरक कळत नाही, त्यावर संस्था सोपवायची का? हा प्रश्न रास्त होता. काही बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कुंदाताईंचा हात माउसवर होता, तो हलायचा थांबला. बाप्पूसाहेबांना ते दिसलं, आणि त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ते टाकलं नसतं तर ठराव तिथंच झाला असता.

ते म्हणाले, अभ्यासिकेच्या उद्घाटनाला मंडपाचा खर्च त्यांनी स्वतः केला, त्यासाठी संस्थेतून रक्कमही घेतली, पण या सॉफ्टवेअरमध्ये तो खर्च आजवर दिसत नाही. "आत्ता करून दाखवा नोंद. सगळ्यांसमोर."

कुंदाताईंनी खर्चाचा तक्ता उघडला. मंडप. रक्कम. कोनाच्या अंगावर: मंडप खर्च. पावती क्रमांकाची चौकट रिकामी. त्यांनी 'ठेवून द्या' दाबलं. माझ्या मराठीत तिथं 'व्हाउचर क्रमांक अनिवार्य आहे' असं सोज्वळ वाक्य आलं असतं, ते कोणी वाचलंही नसतं. चादरीवर हातभर अक्षरांत आलं:

'पावती कुठी हाये, भाऊ? तोंडी हिशेब चालत नाही.'

मागच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडाला लावून फिस्सकन हसलं. बाप्पूसाहेब ताठ झाले. असं कसं विचारतं हे, अध्यक्षाला कोणी असं विचारतं का, म्हणाले. आजवर त्यांना तसं कोणी विचारलंच नव्हतं, हे खरं होतं. बायकांना हा प्रश्न पडून गेला असणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून मला दिसत होतं. फक्त तो विचारायचा कोणी, हे ठरत नव्हतं.

"पुसा ती ओळ," बाप्पूसाहेब म्हणाले.

अडलेली नोंदही वहीत ओळ म्हणून राहते; कुंदाताईंनी आज्ञाधारकपणे ती निवडली आणि पुसायचं बटण दाबलं. चादरीवर नवीन अक्षरं आली:

'पुसून काही होत नाही बाप्पा. लोकाइनं पाह्यलं.'

यानंतरचा हशा मी पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. पुढच्या आजी वाचू शकत नव्हत्या. त्यांना शेजारणीनं वाचून दाखवलं, त्यामुळे थांबत आलेला हशा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी तोंड शक्य तितकं सरळ ठेवलं.

ठराव मांडला गेला, कारण कागदावर लिहिलेला ठराव न मांडणं बाप्पूसाहेबांच्या वकिलीत बसत नव्हतं. अनुमोदक कोण, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही. त्यांनी जावयांकडे पाहिलं. श्रीकांतराव पंख्याकडे पाहत होते. कुंदाताई कोषाध्यक्ष राहिल्या. सॉफ्टवेअर राहिलं. चहा आला.

चहानंतर मला वाटलं होतं की बाप्पूसाहेब आता माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी मला घरी जेवायला नेलं. पाटवडीचा रस्सा होता, तर्री अशी की माझे कान गरम झाले, आणि ते स्वतः उभे राहून वाढत होते. भांडण सभेतलं आणि जेवण घरातलं, यात त्यांना काही गल्लत दिसत नव्हती. आमच्याकडे सोसायटीच्या सभेत कोणाच्या विरुद्ध बोललं की जिन्यात 'नमस्कार' बंद होतो. भात वाढताना त्यांनी सहज विचारलं की हे सॉफ्टवेअर कोणीही बदलू शकतो म्हणता, तर एखादं वाक्य बदलायचं झालं तर पद्धत काय? मी पद्धत सांगितली. सूचना लिहायची, कारण द्यायचं, पाठवायची. ज्या भाषेतलं वाक्य असेल ती भाषा सांभाळणारी व्यक्ती निर्णय घेते. त्यांनी ताटाशेजारी ठेवलेल्या पेनानं हे सगळं टिपून घेतलं.

अकोला

परतीची गाडी अकोल्याहून होती. बाप्पूसाहेबांनी जावयांना हुकूम सोडला आणि श्रीकांतरावांनी मला आपल्या गाडीतून आणलं. दर्यापूर मागे पडलं. मग ते एकदम म्हणाले, "मले त्या भांड्याइत पडायचंच नोतं, ताई. सासऱ्याले कोन सांगनार?" त्यानंतर ते मोकळे झाले. तुमचं हे फुकटाचं सॉफ्टवेअर मी विकलं तर चालतं का, असं त्यांनी विचारलं. चालतं, म्हटलं. ते इतके चकित झाले की गाडी जरा डावीकडे गेली. मी समजावलं की विका, बसवून द्या, शिकवा, त्याचे पैसे घ्या; फक्त ज्याला द्याल त्याला ते उघडून पाहण्याची आणि बदलण्याची मुभा द्यावी लागेल. त्यावर त्यांनी बराच विचार केला. अकोला जवळ आल्यावर त्यांनी मनातली खरी अडचण सांगितली: ते 'भाऊ'वालं वाक्य सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल का? मी म्हटलं, भाषा निवडता येते. माझं मराठीही आहे. ते हळूच म्हणाले, "नाही नाही. वऱ्हाडीच द्या."

फलाटावर मी एक कचोरी घेतली. ती खाते आहे तोवर निरंजनचा निरोप आला, की दर्यापूरहून वाक्य बदलण्याची सूचना आली आहे आणि अशी सूचना त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. मी फोनवर उघडून पाहिली. अर्जदार बाप्पूसाहेब. प्रस्तावना, वस्तुस्थिती, मुद्दा अ, मुद्दा ब आणि शेवटी विनंती: 'पावती कुठी हाये, भाऊ' हे वाक्य काढून त्या जागी 'सन्माननीय पदाधिकाऱ्यांनी कृपया पावती सादर करण्याची कृपा करावी' असे वाक्य घालण्यात यावे. एका वाक्यात दोनदा कृपा. माझ्या मराठीहून भारी होतं, हे मला मान्य करावं लागलं.

वऱ्हाडी भाषांतर कुंदाताईंचं, त्यामुळे निर्णयही त्यांच्याकडे होता. माझी कचोरी संपायच्या आत त्यांचं उत्तर सूचनेखाली उमटलं:

'वाक्य चांगलं हाये, बाप्पूसाहेब. घालून देऊ. मंडपाची पावती जोडा.'